डेल्फिनियमचं वाण

आमच्या सासरच्या घराण्यात माझी ओळख एका वाक्यात करून दिली जाते. "हीच ती, जिनं तूर उपटली आन् तण राखलं."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण वाक्य काही जुनं होत नाही. माझं माहेर हिंगोली शहरातलं, आणि ह्यांची नोकरीही इथलीच. आमच्याकडे शेती म्हणजे पत्र्याच्या डब्यातली तुळस, आणि तिलाही पाणी आई घालायची. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सासरच्या गावी, साखऱ्याच्या शेतात, मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, माझ्या हातात खुरपं दिलं आणि तुरीच्या दोन तासांतलं, म्हणजे ओळींतलं, तण काढायला सांगितलं. मी सगळ्या बायांच्या आधी माझी दोन तासं संपवून बांधावर जाऊन उभी राहिले. कमरेवर हात ठेवून. जाऊबाई आल्या. त्यांनी आधी तासांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या मटकन खालीच बसल्या. तोंडात पदर कोंबून किती वेळ हसत होत्या, ते मला अजून आठवतं.

माझी बाजू कुणी विचारत नाही, म्हणून इथे सांगते. तण जास्त टवटवीत दिसत होतं. तूर मरतुकडी होती.

त्या दिवसानंतर कितीतरी वर्षं साखऱ्याच्या घरात मला कुणी खुरपं दिलं नाही. मी गेले की लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची यायची, कपबशीतून चहा यायचा. बाकीच्या सुना चिखलात, आणि मी खुर्चीवर तपासणीला आलेल्या बाईसारखी. वर दर लग्नात, दर बारशाला जाऊबाई तुरीची गोष्ट सांगतात, ती वेगळीच. एकदा तर दहाव्यालाही सांगितली. रडणारी माणसं हसली, म्हणून मी काही बोलले नाही.

जाऊबाईंना पानापानाची ओळख आहे. बांधावरून चालताना त्या प्रत्येक रोपट्याला नावानं हाक मारतील असं वाटतं. तेव्हा माझी एकच इच्छा होती. माझ्या हातानं मातीत असं काहीतरी उगवावं की जाऊबाईंनी त्याच्यापुढे उकिडवं बसावं आणि मला विचारावं, "हे काय गं?" बस, एवढंच. सोनंनाणं मागितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, मोबाईलवर मला डेल्फिनियम दिसलं. कुठल्यातरी थंड मुलखातली एक गोरी बाई बागेत उभी होती आणि तिच्या बाजूला तिच्याच उंचीचे निळ्या फुलांचे तुरे. निळा म्हणजे असा निळा की आपल्याकडे तो फक्त शाईच्या दौतीत असतो. मी त्याच बैठकीत बी मागवलं.

"झेंडू लाव की," आमचे हे म्हणाले. "दसऱ्याला कामी येतो."

"झेंडू अक्कांना माहीत आहे," मी म्हणाले.

ह्यांना काही कळलं नाही, पण सव्वीस वर्षांत कळलं नाही तर गप्प बसायला ते शिकलेत.

पाकीट आलं. आत चिमूटभर काळं बी. त्याहून तीळ बरे. गोऱ्या बाईचं म्हणणं असं की या बियाला आधी दोन आठवडे थंडी दाखवायची, मग अंधारात पेरायचं आणि पुढे जन्मभर उन्हापासून जपायचं. हिंगोलीत थंडी म्हणजे स्वेटर बाहेर काढून, उन्हात घालून, परत ठेवून देण्याचे आठ दिवस. म्हणून मी बी ओल्या कागदात गुंडाळून डबीत घातलं आणि डबी फ्रीजमध्ये ठेवली. हे बी विषारी असतं असंही बाईनं सांगितलं होतं. आमच्या घरी फ्रीजमधल्या डबीतलं काहीही, न विचारता, पोळीवर घेऊन खाण्याची ह्यांची पद्धत आहे. म्हणून मी डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "विष. हात लावू नये."

पुढचे चौदा दिवस ह्यांनी फ्रीज उघडला नाही. दूध त्याच कप्प्यात होतं, म्हणून कोरा चहा प्यायले. मी घरी नसताना एक पाहुणे आले, त्यांनी पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला, डबी वाचली आणि पाणी न पिताच निघून गेले. जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घरात काही तकलीफ असली तर सांगा बरं, मन मोकळं करा."

आता माती. चांगलं कुजलेलं शेणखत पाहिजे होतं, आणि ते कुणाकडे मिळणार? साखऱ्यालाच. मी जाऊबाईंना फोन केला. कशाला पाहिजे ते सांगितलं नाही. त्यांनी पोतंभर खत एसटीनं पाठवलं आणि निरोप दिला, "उकिरड्याच्या कडंचं हाय. चाळून घे अन् ऊन दाखव, न्हाईतर समदं रान उगवंल त्याच्यात."

मी चाळलं नाही. चाळणी एकच होती, ती पिठाची. आणि ऊन दाखवायचं तर गोऱ्या बाईनं ऊन वर्ज्य सांगितलेलं. दोन गुरूंमधून मी मोबाईलवाला निवडला.

दिवाळी झाली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या वर्षभर साठवलेल्या होत्या, त्यात माती-खत भरलं आणि एकेका पिशवीत दोन-दोन बिया टोचल्या. अंधार पाहिजे म्हणून सगळ्या पिशव्या बैठकीतल्या दिवाणाखाली. दहा दिवस पाहुणे दिवाणावर बसले की मी म्हणायचे, "पाय वर घेऊन बसा." लोकांना वाटायचं, खाली उंदीर आहे. दहा दिवसांत काहीच उगवलं नाही. मग कंटाळून पिशव्या बाहेर गॅलरीत काढल्या, आणि काय सांगू, आठ दिवसांत सगळं हिरवंगार.

गोरी बाई म्हणाली होती की निम्मं बी उगवलं तरी नशीब समजा. माझं सगळं उगवलं. काही पिशव्यांत तर दोन बियांतून पाच-पाच रोपं आली. मला तिथेच शंका यायला पाहिजे होती. पण मला वाटलं, शेवटी हाताला गुण आला.

पाकिटावरच्या चित्रात पानं कातरलेली होती, कात्रीनं नक्षी कापावी तशी. माझ्याही रोपांची पानं कातरलेली. मी पाकीट रोपाजवळ धरून रोज जुळवून बघायचे. एकदा हे चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

"कुठंतरी पाह्यल्यासारखं वाटून राहिलं," म्हणाले.

"तुमी कुठं पाहणार? विलायती आहे ते."

"न्हाई, आमच्या कचेरीच्या मागं, सायकल स्टँडला लागून..."

"तुमच्या कचेरीच्या मागं डेल्फिनियम?" मी असा आवाज चढवला की त्यांनी कप विसळून ठेवला. स्वतः. तो दिवस मी लक्षात ठेवला आहे.

संक्रांत जवळ आली तशी मला एक कल्पना सुचली, आणि माझ्या आयुष्यातल्या वाईट कल्पनांत तिचा पहिला नंबर लागतो. दरवर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून आम्ही बाया एकमेकींना प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, साबणदाण्या लुटतो. त्याच डब्या कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाईकडून आपल्याकडेच परत येतात. मी ठरवलं, यंदा वाण डेल्फिनियमचं. आणि साखऱ्याला जाऊबाईंना मुद्दाम निरोप धाडला, या वर्षी यायचंच.

आदल्या दिवशी मी पिशव्या पुसल्या, प्रत्येकीला लाल दोरा बांधला. जाऊबाईंसाठी सगळ्यांत भरदार रोप निवडून ठेवलं. त्याच्या बुडाशी दुसरं एक बारीकसं काहीतरी उगवलं होतं, दोनच पानांचं, मरतुकडं. तण असणार. ते उपटायला बोटं लावली तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी आत पळाले. मग राहूनच गेलं.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी मी छोटंसं भाषणच केलं. हे फूल थंड मुलखातलं आहे, आपल्या जिल्ह्यात बहुतेक पहिल्यांदाच येतंय, बी फ्रीजमध्ये कसं ठेवलं, वगैरे. मग एकेकीच्या ओटीत पिशवी दिली. बाया पिशवीकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि गप्प व्हायच्या. मला वाटलं, भारावल्या. कनेरगाव नाक्याकडची एक बाई "अगं बया, हे तर..." असं म्हणाली आणि तिच्या बहिणीनं तिला कोपरानं ढोसलं. वाणाला नाही म्हणता येत नाही, ते परत करता येत नाही आणि त्याला नाव तर ठेवताच येत नाही. त्या एका रीतीवर सगळी आळी तोंड मिटून उभी होती, हे मला तेव्हा कुठे कळायला.

जाऊबाईंची पाळी आली. त्यांनी पिशवी दोन्ही हातांत घेतली, तोंडाजवळ नेली, बराच वेळ आत बघत राहिल्या. आता विचारणार. आता म्हणणार, हे काय गं?

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि खोकल्या.

"पाणी देऊ का, अक्का?"

"न्हाई, तिळगूळ अडकला," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलेलं. "बरं हाय. चांगलं हाय." आणि पिशवी पदराखाली घेऊन निघून गेल्या.

त्यांनी विचारलं नाही, याचं मला वाईट वाटलं. पण रात्रीच्या जेवणाला ह्यांना मी म्हणाले, "जळल्या अक्का. तोंडातून शब्द फुटला नाही." हे भात कालवत राहिले.

आठ दिवसांनी समोरच्या आपा आल्या. आपा माझे ब्लाउज शिवतात, वीस वर्षांची शेजारीण. हळदीकुंकवाला त्या आल्या होत्या, तिळगूळ आणि रोप घेऊन गेल्या होत्या. आल्या त्या कोपरापर्यंत बाही वर करून. हातभर लाल गांधी उठलेल्या.

"भाभी, गुस्सा नक्को करो," आपा म्हणाल्या. "ये गाजरगवत है."

"काय?"

"गाजरगवत. अब्बा के खेत में येच उखाड उखाड के मेरे हाथां सूज जाते थे. शादी हुई, खेत छूटा, मैं बोली चलो इससे तो छुटकारा मिला. अब तुमने थैली में लगाको दिया."

मी पाकीट आणून त्यांच्यापुढे आपटलं. चित्र दाखवलं. पानं दाखवली. आपांनी पाकिटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा हात धरून मला आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर नेलं. तिथे कमरेइतकं गाजरगवत माजलं होतं, वर बारीक पांढरी फुलं. शेळीही तोंड लावत नाही, अंगाला लागलं की खाज सुटते आणि हिंगोली जिल्ह्यातलं शाळेत न गेलेलं लेकरूही जे ओळखतं, ते गाजरगवत. या प्लॉटवरून मी रोज भाजीला जाते. मी पाकीट त्या पानांजवळ धरलं. माझ्या रोपांपेक्षा जास्त जुळत होतं.

आपांनी मला घरी आणून पाणी दिलं. माझ्याच घरात, माझ्याच पेल्यातून. मग त्यांना हसू आवरेना, आणि मलाही आधी राग आला आणि मग हसू आलं, आणि मग एकदम आठवलं. जाऊबाईंनी पिशवी पाहिली होती. दोन्ही हातांत घेऊन, जवळ नेऊन पाहिली होती. तिळगूळ बिळगूळ काही अडकला नव्हता.

पुढचा आठवडा मी घरोघर फिरले. दिलेलं वाण परत कसं मागणार? म्हणून "पाणी कसं घालायचं ते सांगायला आले" असं म्हणून आत शिरायचं आणि बाई चहा ठेवायला वळली की रोप उपटून पिशवीत टाकायचं. ज्यांना कळलं नव्हतं, त्यांनी तर जीव लावला होता. एकीनं तुळशीच्या शेजारी मानाची जागा दिली होती. एकीनं दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला होता. आणि ज्यांना कळलं होतं, त्यांनी केव्हाच फेकून दिलं होतं, पण माझं मन कोण दुखवणार? पाच घरांत मला एकच उत्तर मिळालं, "बकरीनं खाल्लं की हो." आमच्या आळीत बकरी नाही. मीही प्रत्येक घरी "अरेरे" म्हणाले.

साखऱ्याला मात्र मी गेले नाही. जायला तोंडच नव्हतं. तुरीची गोष्ट पाच मिनिटांची होती, ही चांगली अर्ध्या तासाची होणार होती. फ्रीज, विषाची डबी, दिवाण, भाषण, सगळ्यासकट. आणि उरलेला जन्म मी प्लास्टिकच्या खुर्चीवर.

माघात औंढ्याला एका पुतणीचं लग्न होतं. तिथे जाणं टळेना. पंगत बसली. जाऊबाईंनी नेमानं तुरीची गोष्ट सुरू केली, नेमाच्या जागी सगळे हसले. मी भाताकडे बघत होते. गोष्ट संपली. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वाढप्याला म्हणाल्या, "वरण आन रे इकडं." आणि जेवू लागल्या.

न सांगितल्याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. उलट मला रडू आलं. हसण्याजोगीही मी राहिले नाही का, असं वाटलं. एवढी कीव येते की काय माझी? गाडीत बसल्यावर मी ह्यांच्याशीच भांडले, दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

होळीच्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. "येऊन जाय एक दिवस."

"काहून, अक्का?"

"तुझ्या वाणाचं काम हाय," म्हणाल्या आणि ठेवला.

मी सेनगावपर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं गेले. वाटभर उत्तरं तयार केली. एकही पटेना. घरी पोचले तर लिंबाखाली खुर्ची नव्हती. जाऊबाई मला मागच्या अंगणात, पाण्याच्या हौदाकडे घेऊन गेल्या. हौदाच्या सावलीत एक फुटका माठ मातीनं भरून ठेवला होता, वर जुन्या लुगड्याची सावली बांधली होती. आणि माठात फूल होतं.

हातभर उंचीचं असेल. पुरुषभर वगैरे नव्हतं. एकच दांडा, जरा वाकडा, काडीला चिंधीनं बांधलेला. पण त्यावर खालून वर निळी फुलं लागलेली, आठ-दहा, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या. निळा तोच, दौतीतला. मी तिथेच उभी राहिले.

"गाजरगवत हाय हे मला तवाच कळालं व्हतं," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्याच उकिरड्यातलं, मी वळखनार न्हाई?"

"मग सांगितलं काहून नाही, अक्का?"

"वाणाला नाव ठेवत अस्तात व्हय?" त्या म्हणाल्या. "अन् पिशवी घेऊन बघितली तर त्याच्या बुडाला हे एवढंसं व्हतं. मी लई टाइम बघितलं. घरी आले, मोठं ते उपटून फेकलं. हे ठुलं. सत्तावन वर्साची झाले, पर असलं पान न्हाई पाह्यलं. म्हनलं, बाकी समदं वळखीचं हाय. हे वळखीचं न्हाई, म्हंजी हेच तिचं असंल."

कुकरची तिसरी शिट्टी झाली नसती, तर मी ते माझ्या हातानं उपटलं असतं. दुसऱ्यांदा. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

"लग्नात का नाही सांगितली गोष्ट?"

"गोष्ट पुरी कुठं झाली व्हती? याला फूल येतंय का मरतंय, त्याचंच ठिकान नव्हतं. आता सांगनार. आता सोडत न्हाई तुला." आणि मग त्या हसायला लागल्या, तोंडात पदर कोंबून, तशाच खाली बसून, सव्वीस वर्षांपूर्वीसारख्या. मीही त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि हसून हसून माझे डोळे वाहायला लागले.

हसू ओसरल्यावर जाऊबाईंनी माठ थोडा स्वतःकडे फिरवला. एक फूल बोटानं हलकेच वर उचलून आत पाहिलं. आणि विचारलं, "पर हे काय गं?"

सव्वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते, उत्तर तर घोकूनच ठेवलं होतं. नाव, गाव, थंडी, अंधार, सगळं. पण मी तरी ते कुठे पाहिलं होतं?

"मीबी पहिल्यांदाच पाहून राहिले, अक्का," मी म्हणाले.

त्या "बरं" म्हणाल्या. मग त्यांनी हौदाच्या कठड्यावरून खुरपं उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"माठात रान माजलंय बघ. त्येवढं काढ."

मी खुरपं धरलं. मूठ उलटी धरली होती, ती त्यांनी सुलटी करून दिली. पहिल्या पातीला टोक लावलं आणि थांबले.

"हे काढू का, अक्का?"

"काढ."

"आणि हे?"

"तेबी काढ."

"आणि हे?"

"न्हाई. ती कोथमीर हाय."